पहिल्या नंबरची चप्पल

अगं ये, जवळ बस, आणि चप्पल दाराबाहेर सोडू नकोस म्हणून कितीदा सांगायचं तुला? दारात रिकामी चप्पल दिसली की मला दहिसरचा आमचा बंद पडलेला पालिकेचा दवाखाना आठवतो. बीपीच्या गोळ्या तिथे फुकट मिळायच्या. बाहेरच्या डॉक्टरकडे गेलं की घरातल्या किराण्याचे पैसेच संपायचे. म्हणून दवाखाना बंद झाला तरी म्हातारी माणसं रोज सकाळी फाटकासमोर चपला ठेवून नंबर लावायची, आज उघडेल म्हणायची. दोन पक्षांच्या दोन बायका होत्या, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. दोघींना मी हाताला धरून तिथे नेलं. "तुझ्याच लोकांनी बंद केला," एक म्हणाली. "गप गं, तुझे काय झोपले होते?" म्हणता म्हणता दुसरी थांबली. रांगेत सगळ्यात पुढे निळ्या दोऱ्याने शिवलेली चप्पल होती. "ही माझ्या सासूची," ती म्हणाली. सासू तर गणपतीतच वारली होती. मागची आजी शांतपणे म्हणाली, "तिची इथेच राहिली होती. पुढचे कंटाळून गेले, तशी आम्ही ती पुढे सरकवत आणली ना. आता तिचाच नंबर." तिने माझा हात सोडला आणि पहिलीचा धरला. मग त्या दोघी मिळून घरोघर फिरल्या, वॉर्ड ऑफिसात ठाण मांडून बसल्या, आणि दवाखाना उघडला. त्या सकाळीही ती चप्पल पहिलीच होती. नर्सने नंबर पुकारला, कोणीच उठलं नाही. नर्स नवीन, तिला काय ठाऊक? रिकाम्या दाराकडे बघून हसली, म्हणाली, "या आजी, बसा." तेव्हापासून माझ्या घरात चपला आतच असतात बघ. पुन्हा लवकर ये गं, आणि आत येऊनच काढ.