कांदळातली वाट

उधाणाच्या भरतीला आमच्या सोसायटीच्या लिफ्टखाली पाणी शिरतं आणि जिन्यात खाडीच्या चिखलाचा वास सुटतो. शेजारी नाक दाबतात. मी तिथंच उभी राहते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथं मालाडची खाडी होती. जिथं खारट चिखलात वाढणारी कांदळाची झाडं विरळ होत, तिथं बाबा ओहोटीला त्यांच्या लांब शेंगा चिखलात रोवायचा. शेंगांची टोपली माझ्याकडे असायची. "मुळावरच पाय ठेव गो," तो म्हणायचा, "चिखल कुनाचा नाय."

एकदा बाबा होडीवर असताना बूटवाले दोन साहेब गुडघाभर रुतले. "पलीकडे कसं जायचं गं?" त्यांनी विचारलं. मी ऐटीत मुळांवरून उड्या मारत पुढं निघाले. ते मागून झाडांना लाल फडकी बांधत आले.

महिन्याभरात त्या फडक्यांच्या रांगेवरून भरावाचे ट्रक आले. झाडं आडवी झाली. बाबा एकेक फडकं बघत चालला. ती वाट आमच्या घराशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

दुसऱ्या ओहोटीला तो भरावाच्या कडेला शेंगा रोवायला गेला. टोपली त्यानं स्वतःच उचलली.