सातवी 'ब' आणि माझं अलंकारशास्त्र

मास्तरकी केलेल्या माणसाकडे किस्से साठतात, ते गवतातून चालून आल्यावर पायजम्याला कुसळं चिकटतात तसे. आपण गोळा करत नाही. घरी येऊन बसलं की टोचायला लागतात. (ही उपमा जमली का? कोण जाणे. आयुष्यभर अलंकार शिकवले, पण स्वतः एखादा वापरला की अजून छातीत धडधडतं.)

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी पुण्याहून एम.ए. करून, अलंकारशास्त्रावर जाडजूड प्रबंध लिहून, घोडेगावच्या हायस्कुलात मराठीचा शिक्षक म्हणून आलो. घोडेगाव म्हणजे जनावरांचा बाजार. बाजाराच्या दिवशी शाळेच्या भिंतीपलीकडून इतकं हंबरणं ऐकू यायचं, की प्रार्थना कुठे संपली ते कळायचं नाही.

हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वर्षभर प्रोबेशन. तपासणीला साहेब येतील. ते 'ठीक' म्हणाले तर परमनंट. नाहीतर आपण आपले पुण्याला मोकळे!"

माझं एवढ्यावरच भागत नव्हतं. नगरला माझं लग्न ठरलेलं होतं आणि होणाऱ्या सासऱ्यांनी बजावलं होतं, "नोकरी कायम झाली की तारीख काढू. तोवर घाई नको." म्हणजे नोकरी आणि बायको, दोन्ही सातवी 'ब'च्या हातात!

* * *

पहिला पाठ उपमेचा. मी फळ्यावर लिहिलं, 'तिचे मुख चंद्रासारखे आहे.'

मागच्या बाकावरचा बबन उठला. त्याचे वडील हेडी, म्हणजे बाजारात जनावरांचे सौदे जुळवणारे दलाल.

"सर, चंद्रावर डाग हायेत."

"अरे, डाग बघायचे नाहीत. फक्त तेज बघायचं."

"आन् घेनाऱ्यानं बघितले तर?"

"कोण घेणारा? इथं कोणी काही विकत नाहीये!"

बबन खाली बसला आणि शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, पण मला ऐकू येईल एवढ्यानं, "सरांना घोडेगावात कुनीबी गंडवील."

प्रबंधाच्या परीक्षकांनीसुद्धा मला इतकं हादरवलं नव्हतं.

* * *

मग अतिशयोक्ती. घरून उदाहरणं लिहून आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी बबन आला तो वडिलांना घेऊनच! फेटा, हातात काठी, डोळे लाल.

"तुमीच का मराठीचे सर?"

"हो."

"म्हैस डोंगरायेवढी हाय, दुधाचा पूर येतो, आसं ल्ह्यायला तुमी सांगितलं व्हय पोराला?"

मी घाबरत घाबरत समजावलं, की यात फसवणूक नाही. ऐकणाऱ्यालाही माहीत असतं की हे वाढवून सांगितलंय. त्यातच सौंदर्य आहे.

त्यांनी कपाळावर हात मारला. "आवो सर, खोटं बोलायला त्याला मी शिकवीन की! पिढीजात धंदा हाय. त्यासाठी शाळा कशाला?"

* * *

ते दुष्काळाचं साल. 'चेतनगुणोक्ती' शिकवायला घेतली, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं वर्णन करणं. मी म्हटलं, "तुमच्या विहिरीबद्दल एक वाक्य सांगा." माझ्या मनात होतं, विहीर रुसली, विहीर झोपली, असं काहीतरी येईल.

हौसा नावाची मुलगी ताडकन उभी राहिली. आवाज खणखणीत. "सर, आमची हीर औंदा भाकड निघाली! दोनदा खांदली, तरी पान्हाच सोडंना!"

मी पंचविशीचा, अविवाहित. कान तापले. वाक्य तर अव्वल होतं! तोवर दुसरी म्हणाली, "आमची आटली न्हाई सर, पन लाथा लई मारती!" आणि मग सगळ्या वर्गाच्या विहिरी दावणीला येऊन उभ्या राहिल्या.

दारात हेडमास्तर.

"काय चाललंय?"

"चेतनगुणोक्ती, सर."

"असं होय! आवाजावरून मला वाटलं, गुरांचा दवाखाना इकडे हलवला."

* * *

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण विद्वत्ता स्वस्थ बसू देत नाही. अभ्यासक्रमात नसलेला 'अपन्हुती' अलंकार मी शिकवला. समोर आहे ती वस्तू नाकारायची आणि ती दुसरीच आहे असं म्हणायचं. हे डोळे नाहीत, हे दिवे आहेत. झालं, इतकं सोपं.

दुसऱ्या दिवशी गृहपाठ तपासायला गेलो. हौसाची वही कोरी.

"हे काय?"

"सर, ही कोरी वही न्हाई. ह्ये आमचं औंदाचं रान हाय."

मी छडी उचलली होती, ती तशीच राहिली. वही मिटून तिला परत दिली आणि पुढच्या बाकाकडे वळलो. ती चूक होती की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. परिणाम मात्र लगेच दिसला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाचं रान नापीक होतं!

* * *

स्टाफरूममध्ये गणिताचे सर मला रोज विचारायचे, "काय पंडित, आज कशाला काय म्हणालात?" एकदा म्हणाले, "मी दोनाला तीन म्हटलं तर नोकरी जाईल. तुम्ही बाईला वेल म्हणता, तर तुम्हाला पगार! कमाल आहे सरकारची."

मी हसलो. पण त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. माणूस बोलला त्यात काही चूक नव्हती.

* * *

खरा धक्का पुढेच. सासरे गाय बघायला म्हणून बाजारात आले. गाय हे निमित्त, चौकशी माझी करायची होती. रस्त्यात त्यांना भेटली हौसा.

"काय गं, तुमचे मराठीचे सर कसे आहेत?"

हौसानं विचार केला. नुकतीच उपमेची उजळणी झाली होती.

"सर लई चांगले. गरीब गाईसारखे. मारत न्हाईत, बुजत न्हाईत." आणि मग प्रामाणिकपणे, "पन दूध किती देत्यात, त्ये आजून कळलं न्हाई."

सासरे मला न भेटताच परतीच्या एस.टी.त बसले. निरोप ठेवला : 'तपासणी होऊ द्या. मग बघू.'

* * *

आणि तपासणी आली. बाजाराच्याच दिवशी! साहेब जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. सातवी 'ब'त आले, खुर्चीवर बसले, माझ्याकडे बोट दाखवून वर्गाला म्हणाले, "या तुमच्या सरांवर एखादं अलंकारिक वाक्य करा."

वर्ग चिडीचूप.

वर्षभर ज्यांनी मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, त्यांच्या तोंडाला कुलपं! मी डोळ्यांनी विनवलं. हौसाकडे पाहिलं, तर ती छताकडे बघतेय. हेडमास्तरांनी मान खाली घातली. मला पुण्याची गाडी दिसायला लागली.

"अरे, बोला ना!" मी जवळजवळ ओरडलो. "बबन, तू तरी!"

बबन उठला. "सर, गिऱ्हाईक दावनीला उभं आसताना घरच्यांनी बोलायचं नसतं. भाव पडतो."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे गिऱ्हाईक मी?"

"व्हय."

"आणि जनावर कुठंय?"

सगळा वर्ग एकदम माझ्याकडे बघायला लागला.

साहेब माझ्याकडे वळले. "शिक्षक, हा कुठला अलंकार?"

"रू... रूपक, साहेब."

"हं." ते पुन्हा बबनकडे वळले. "मग पुढे?"

घोडेगावच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर कापड टाकतात आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. बबननं गळ्यातला पंचा काढला, थेट टेबलापाशी गेला आणि साहेबांच्या हातावर टाकला! हेडमास्तरांनी भिंतीला हात टेकला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा साहेबांचा हात पंचाखालीच होता. बबननं बोटं दाबली. साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी उलट काहीतरी दाबलं. बबननं मान हलवली, जमत नाही. पुन्हा दाबादाबी. भिंतीपलीकडं एक म्हैस ओरडली, तेवढाच आवाज.

शेवटी बबननं पंचा ओढून घेतला. "जमलं," म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

साहेब उठले. दारात हेडमास्तरांना म्हणाले, "यांना कायम करून टाका."

"पण साहेब, ते... आत नेमकं काय ठरलं?"

"आतलं आतच राहू द्या, हेडमास्तर."

लग्नाला निघालो त्या दिवशी बबन एस.टी.पर्यंत पिशवी घेऊन आला. मला राहवेना. विचारलं, "बबन, खरं सांग. माझे किती ठरले?"

त्यानं पिशवी टपावर चढवली, हात झटकले आणि माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं.

"सर, इकलेल्या जनावराला त्याचा भाव सांगत नसत्यात."