तात्यांचा उजवा हात

इंजिनाचं हेड उघडून परत बसवलं, की गाडी चालू करून चांगली गरम करायची, मग बंद करायची आणि गार व्हायची वाट बघायची. गार झाली की रॉकरचे बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे. ही वाट बघणं म्हणजे दोन-अडीच तास. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजात मी तेवीस वर्षं काढली, तेव्हा किती चहा आणि किती गप्पा झाल्या असतील बघा! किस्से साठतात ते असे. त्यातले निम्मे थापा असतात, हे मीच सांगतो. पण तात्यांच्या हाताचे किस्से मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

तात्या आमचे हेड मेकॅनिक. मूळचे राजापूरकडचे, राहायला डोंबिवलीत. बोलणं कमी, काम देवपूजेसारखं. आणि रॉकर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर वरखाली नाचणारे लोखंडाचे छोटे हात. ते सगळे एका दांड्यावर ओवलेले असतात आणि तो दांडा बोल्टांनी धरलेला असतो. बोल्ट सैल पडला तर इंजिन आधी टकटक करतं, मग बंद पडतं, नाहीतर आतून मोडतं. म्हणून आमच्याकडे नियम होता, ज्याने बोल्ट आवळले त्यानेच ते शेवटपर्यंत सांभाळायचे. तात्यांनी हा नियम जरा जास्तच मनावर घेतलेला.

*

पहिला किस्सा त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा. आम्ही तिघे जेवायला बसलेलो. तात्या, मी आणि बाळाराम. बाळाराम आमचा तिसरा मेकॅनिक, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. तात्यांनी भाकरी खाली ठेवली आणि उजवा तळहात चोळायला लागले. म्हणाले, मुंग्या येतायत, नौपाड्याच्या डॉक्टरांच्या फियाटचा दुसरा बोल्ट सुटला.

आम्ही दोघं फिदीफिदी हसलो. खोबरेल लावा म्हटलं.

डबे धुऊन होतात न होतात, तर डॉक्टर दारात. गाडी टकटक करतेय म्हणाले. कव्हर उघडलं. दुसरा बोल्ट. बाळाराम पुढे दोन दिवस तात्यांच्या उजव्या बाजूला बसला नाही.

*

त्यानंतर एकदा तात्या कामावरून तसेच उठले, माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि म्हणाले, माजिवड्याला चल. नाक्यावर भर रस्त्यात उभं राहून त्यांनी एक अ‍ॅम्बेसेडर अडवली. आत एक रिटायर्ड प्रिन्सिपॉल. ते भडकले. गाडी मख्खन चाललीय, आवाज नाही, काही नाही, ही काय पद्धत झाली?

तात्यांनी रस्त्यातच बॉनेट उघडलं, रॉकरवरचं कव्हर काढलं आणि शेवटचा बोल्ट नुसत्या दोन बोटांनी फिरवून दाखवला.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलचा आमच्या शेठना फोन. "काम उत्तम आहे, पण त्या माणसाला माझ्या गाडीला परत हात लावू देऊ नका."

*

आता माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. मला हे सगळं थोतांडच वाटायचं. योगायोग, दुसरं काय! म्हणून मी परीक्षा घ्यायची ठरवली. तात्या पुतणीच्या लग्नाला कल्याणला गेलेले. शेडमध्ये त्यांनी आवळून ठेवलेली एक गाडी उभी होती. मी कव्हर काढून मधला बोल्ट अर्धा आटा सैल केला, कव्हर परत लावलं. कोणाला सांगितलं नाही. बाळारामलाही नाही.

तीन वाजता तात्या दारात. रेशमी झब्बा, केसांत अक्षता अडकलेल्या, अर्ध्या पंगतीतून उठून आलेले. ओरडले नाहीत. फळीवरचा पाना उचलून माझ्या हातात दिला आणि त्या गाडीकडे बोट केलं.

मी बोल्ट आवळला. तात्या म्हणाले, पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या होत्या रे, हात वरच जाईना. मला इतकी लाज वाटली की त्या दिवसापासून मी त्यांच्यावर कधी हसलो नाही.

*

हा किस्सा मी फारसा सांगत नाही. शेठच्या कानावर तक्रारी जायला लागल्या, की तुमचा माणूस गिऱ्हाइकांना घाबरवतो. शेठनी तात्यांना बजावलं, आता एकालाही फोन करायचा नाही, कोणाच्या मागे धावायचं नाही. तात्या नोकरमाणूस, ऐकलं त्यांनी. पुढच्या आठवड्यात हाताला मुंग्या आल्या, तर ते तासभर नळाखाली हात धरून उभे होते. कुठली गाडी ते त्यांना माहीत होतं. आम्ही विचारलंही नाही.

ती गाडी कशेळीच्या पुलावर बंद पडली. मागून ट्रक आला. आमच्या गिऱ्हाइकाचा ड्रायव्हर गणपत वाचला, पण पाय गेला.

तात्या हॉस्पिटलात जाऊन आले आणि शेठना म्हणाले, यापुढे मी एकही बोल्ट आवळणार नाही, बाकी काय सांगाल ते करीन. मग त्यांनी एका वहीत गाड्यांचे नंबर लिहून काढले. त्यांच्या हाताचे बोल्ट असलेल्या, रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्या. एकोणसाठ निघाल्या. मला म्हणाले, "यातली शेवटची भंगारात गेली की माझा हात मोकळा. मग मी सुखाने मरेन."

*

पुढची दहा वर्षं एकेक नंबर कमी होत गेला. गाडी तोडायला निघाली की तात्या रजा टाकून भंगारवाल्याकडे जायचे, इंजिन उतरेपर्यंत उभे राहायचे, मग वहीत रेघ मारायचे. भंगारवाला एकदा मला म्हणाला, तुमचे तात्या मयताला आल्यासारखे येतात, मी त्यांना हातपाय धुवायला पाणी ठेवतो!

शेवटची, एका कंपनीची पांढरी अ‍ॅम्बेसेडर, चौऱ्याण्णवला गेली. तात्यांनी अख्ख्या गॅरेजला पेढे वाटले, राजीनामा दिला आणि डोंबिवलीला घरी बसले. इतका हसरा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. सगळे टाळ्या वाजवत होते. बाळाराम तेवढा पेढा हातात धरून उभा होता. मला वाटलं, वाईट वाटत असेल.

*

आता हा शेवटचा.

चारेक महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला तात्या गॅरेजात आले. घामाघूम, उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली. म्हणाले, नऊ वाजल्यापासून आहे. मुंग्या नाहीत, ओढ लागलीय. वहीत तर एकही गाडी उरली नाही, मग हे कोण आहे?

बाळारामच्या हातातला पाना खाली पडला. "तात्या, त्या शेवटच्या गाडीचा इंजिन माझे दादान होरीला लावलाय." भंगारवाल्याकडून बाळारामनेच ते मिळवून दिलेलं. तात्या एवढे खुशीत होते, की त्याला सांगवलं नाही.

त्याचा दादा पदू आणि वहिनी पहाटेच खाडीत गेलेली. आता ओहोटी लागलेली. परतताना ओहोटीच्या ओढीत खाडीपुलाखाली इंजिन बंद पडलं, तर होडी थेट खांबांवर जाणार, हे बाळारामने रिक्षात सांगितलं आणि तो रडायला लागला.

धक्क्यावर आम्ही तासभर उभे होतो. मग होडी दिसली. होडी सरळ रेषेत येत होती, इंजिनाचा आवाज शिलाईच्या मशीनसारखा. पदूने होडी बांधली, इंजिन बंद केलं आणि आम्हाला बघून विचारलं, काय झालं, कोण गेलं का? इंजिनाने सकाळपासून कुरकुर केली नव्हती.

मला हायसं वाटलं, आणि खरं सांगतो, तात्यांचा थोडा रागही आला. पण आलोच आहोत तर बघू, म्हणून मी होडीत उतरलो आणि कव्हर काढलं.

मधले दोन्ही बोल्ट जागेवर नव्हते. कोपऱ्यात तेलात पडलेले. रॉकरचा दांडा मधोमध मोकळा होता, मी बोट लावलं तर हलला. असं इंजिन चालू केलं तर ते एक मिनिट चालणार नाही, आणि हे पुलाखालून ओहोटीविरुद्ध आलेलं. मी वर बघितलं. पदू बघत होता, वहिनी बघत होती.

तात्या धक्क्याच्या पायरीवर बसलेले. मूठ छातीशी, बोटांची पेरं पांढरी पडलेली, दंडापर्यंत हात थरथरत होता.

"लवकर लाव रे," ते म्हणाले. "कधीपासून धरून बसलोय मी."

मी दोन्ही बोल्ट पुसले, बसवले, पाना लावून आवळले. दुसरा घट्ट झाला तेव्हा तात्यांची मूठ उघडली.