दोन जोन्स आणि ठकीचं स्थळ

आमच्या रुख्मिणीकाकूचा कुणावरच भरवसा नव्हता. पुजाऱ्याने प्रसाद दिला तरी ती आधी वास घ्यायची. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला, अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि विलायतेचे साहेब इथे येऊन बसले, तेव्हा तर तिच्या संशयाला ऊतच आला. अशाच एका कापूस घेणाऱ्या जोन्स साहेबाच्या बंगल्यात ती झाडलोट करायची.

साहेबाच्या बहिणीचं लग्न ठरलं. नवरामुलगा अकोल्याचा कापूसवाला, आणि त्याचंही आडनाव जोन्सच! काकूने झाडू टाकला आणि थेट खानसामा दाऊदला गाठलं.

"एका आडनावात सोयरीक? हे तं बहीणभाऊ झाले! काईतरी लपवून राहिले हे लोक."

तिला हे झोंबायला कारण होतं. तिच्या लेकीला, ठकीला, अकोल्याच्या शालिकरामचं स्थळ आलं होतं. पोरगा कष्टाळू, ठकीच्या मनात भरलेला. पण तोही वरूडकर आणि काकूचं घरही वरूडकर. एक आडनाव असून स्थळ आणतात म्हणजे यांच्या मनात काळंबेरं आहे, असं समजून काकूने कारणही न सांगता नकार कळवला होता. तेव्हापासून ठकी धड जेवत नव्हती.

दाऊदने साहेबाला विचारलं. साहेब पोट धरून हसला.

"बाई, साहेबाच्या वेल्स मुलखात पहिले आडनावंच नव्हती," दाऊदने येऊन सांगितलं. "बापाचं नाव लावत. जॉनचा पोरगा तो जोन्स. अन् जॉन तं गावोगावी! साहेबाचं अर्धं गाव जोन्स हाय. मंग पावरोटीवाला जोन्स, घोडेवाला जोन्स असं ओळखतेत. रक्ताचं नातं काई नाई."

"साहेब तं असंच म्हणन. त्याले बहीण उजवाची हाय!"

पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. काकूचा सासरा वरूड सोडून आला, म्हणून लोक त्याला वरूडकर म्हणू लागले. वरूडहून काय एकच घर उठलं असेल?

ती कापसाच्या गाडीवर बसून अकोल्याला गेली. शालिकरामच्या आईला, गोदाबाईला, तिने कुलदैवत विचारलं, लग्नात पुजायचं देवक विचारलं. मग खरं-खोटं करायला शेजारीही विचारून आली. दोन्ही वेगळी निघाली. नात्याचा मागमूस नव्हता. काकूचा जीव भांड्यात पडला.

"मंग आमची पोरगी घ्या," ती म्हणाली.

गोदाबाईने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "कारण न सांगता नाई म्हनलं तुमी. आमाले वाटलं, पोरीतच काई खोट असन. शालिकची परवा हळद हाय, बाई."

परतल्यावर काकूने ठकीपासून काही लपवलं नाही. सांगताना ती ढसाढसा रडली. ठकी मात्र रडली नाही.

"माय," तिने एवढंच विचारलं, "हे तू पहिलेच काहून नाई विचारलं?"