चाकाखालची लिंबं

शेजारच्या सुलभाताईंच्या नव्या गाडीची पूजा सोसायटीच्या आवारातच झाली. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आणि साठीला टेकलेल्या सुलभाताई स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. गाडीने एक गचका दिला नि बंद पडली. लिंबं तशीच.

"अहो, मुलाला चालवू द्या!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. ओरडणारी मीच होते. जिला साधी सायकल येत नाही.

त्यांनी वर पाहिलं नाही. गाडी न्यूट्रलला आणून पुन्हा सुरू केली, पहिला गिअर टाकला, आरशात बघितलं, हँडब्रेक सोडला. मग झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढावा, तसा क्लचवरचा पाय हळूहळू उचलला. लिंबं चिरडल्याचं कळलं ते वासानेच. थांबलेलं काही चालू व्हायला एवढीच सबुरी लागते, आणि आपण बघणारे तेवढीही देत नाही.

गाडी माझ्यापाशी थांबली. काच खाली आली. "चल गं, देवळापर्यंत जाऊन येऊ."

मी दार उघडून शेजारी बसले.

"पट्टा लाव, मग निघू," त्या म्हणाल्या.

पट्टा अडकवायची खाच बोटांना केव्हाच लागली होती. तरी मी मान खाली घालून ती शोधतच राहिले.