मेणाचा वेल आणि मोठी कुंडी

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझ्या नवऱ्याची बदली नांदेडहून तिथल्या कचेरीत झाली. आमच्या लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. सामान थोडंच होतं, ते टेम्पोत गेलं. आम्ही तिघं एसटीनं निघालो, नवरा, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

आत्याबाईंनी एक वस्तू काही टेम्पोत घालू दिली नाही. वनस्पती तुपाच्या जुन्या डब्यात लावलेला एक वेल. तो डबा त्यांनी सगळा रस्ता मांडीवर धरला. अहमदपूरला सगळे चहाला उतरले, त्या जागच्या हलल्या नाहीत.

"माय, खाली ठेव की जरा. पाय दुखतील," नवरा म्हणाला.

"गाडी आदळून राहिली. मुळ्या हालतात," त्या म्हणाल्या आणि डबा आणखी जवळ ओढला.

वेल दिसायला साधाच. जाड, गुळगुळीत, गडद हिरवी पानं आणि दोरीसारख्या लांब फांद्या. त्याचं खरं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. फुलं मेणाची घडवल्यासारखी असतात म्हणून आत्याबाई त्याला मेणाचा वेल म्हणायच्या. मी ती फुलं पाहिली नव्हती. नांदेडला ती दर साली यायची, असं नवऱ्याकडून ऐकलं होतं.

लातुरात दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. पुढच्या खोलीला पूर्वेकडं जाळीची खिडकी होती. आत्याबाईंनी खिडकीत डबा ठेवला, सुतळी बांधून वेल जाळीवर चढवला आणि मग बाकीचं सामान लावायला घेतलं.

आत्याबाई नांदेडच्या एका बायकांच्या दवाखान्यात आया होत्या. तिथं राबून नुकत्याच घरी बसल्या होत्या. स्वभाव कडक म्हणावा असा नव्हता, पण बोलणं फार थोडं. भाकरी झाली का, दळण आणलं का, कडी लाव. दिवसभरात एवढंच. त्यांना मी आवडते की नाही हे मला कळायचं नाही, आणि विचारायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. नळ आठ दिवसांआड झाला, मग पंधरा दिवसांवर गेला, मग टँकरच्या मागं घागरी घेऊन पळणं आलं. गल्लीतल्या बायका रांगेत उभ्या राहून म्हणायच्या, "जिल्हा झाला म्हणत्यात, पण नळाला कुणी कळवलंच न्हाई वाटतं." सगळ्या हसायच्या आणि घागर पुढं सरकवायच्या.

आत्याबाई वेलाला आठ-दहा दिवसांतून एकदा तांदूळ धुतलेलं पाणी घालायच्या, तेही वाटीभर. मला त्याची कीव यायची. माझं माहेर अर्धापूरचं. वडील दुसऱ्यांच्या केळीच्या बागेत कामाला जायचे आणि मी पाटाच्या पाण्यात पाय बुडवून मोठी झालेली. झाड म्हणजे भरपूर पाणी, शेणखत आणि मोकळी जमीन, एवढंच मला कळत होतं. हा वेल मात्र गंजक्या डब्यात, मुठीएवढ्या मातीत, तहानलेला उभा. मला वाटायचं, ह्याचे हाल होत आहेत.

मग नायगावकडं राहणाऱ्या आत्याबाईंच्या बहिणीचा पाय मोडला आणि त्या तिच्या देखभालीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "वेलाकडं बघ." मी त्याचा अर्थ माझ्या पद्धतीनं लावला.

दोन दिवसांनी डबा उचलून पाहिला तर बूड गंजून गळायला आलेलं. मला निमित्तच मिळालं. सिमेंटची मोठी कुंडी आणली, चांगली घंगाळाएवढी. शेजारणीनं शेतातली काळी माती दिली, त्यात शेणखत कालवलं. डबा कापून वेल बाहेर काढला. मुळ्या काथ्याच्या गुंडाळीसारख्या एकमेकींत गुंतल्या होत्या. त्या मी ओढून मोकळ्या केल्या. वेलावर जागोजागी बोटाच्या पेराएवढी वाळकी देठं राहिली होती, पान नाही, कळी नाही. घर झाडून काढावं तशी ती सगळी कात्रीनं उडवली. प्रत्येक कापातून पांढरा चीक ठिबकला, तेव्हा जरा धसकले, पण म्हटलं, वाळकं काढलं की झाड जोर धरतं. मग माझ्या आंघोळीचं पाणी मागं ठेवून रोज त्याला तांब्या तांब्या घातलं. मी दोन आठवडे ओल्या फडक्यानं अंग पुसून राहिले आणि मनात खूश होते. आत्याबाई येतील, बघतील, काहीतरी बोलतील.

त्या आल्या. पिशवी खाली ठेवली आणि सवयीनं खिडकीशी गेल्या. कुंडीकडं पाहिलं. मग वेलावरून हात फिरवत वर गेल्या, जाळीच्या टोकापर्यंत.

"हितली देठं?"

"वाळली होती, आत्याबाई. काढून टाकली."

"सगळी?"

"सगळी."

त्या उंबऱ्यावर बसल्या. मी चहा ठेवला, तो तसाच निवला. मग "बरं," एवढंच म्हणाल्या आणि हातपाय धुवायला गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आठवड्याभरात पानं पिवळी पडायला लागली. मी घाबरून आणखी पाणी घातलं. पानं सुरकुतली, मऊ झाली, गळाली. एका सकाळी जाळीवरचा अर्धा वेल हातात आला. दुष्काळाच्या दिवसांत माणसाच्या तोंडचं पाणी मी त्याला पाजलं होतं आणि तरी तो मेला होता. मी तिथंच बसून रडायला लागले.

आत्याबाई चुलीपासून उठून आल्या. "कामून रडतीस?"

"मी मारला. तुमचा वेल मी मारला."

त्यांनी कुंडीच्या मातीत बोट घातलं, वास घेतला. "कुजलाय. मेला न्हाई अजून. ऊठ, पोतं आंथर."

मी पोतं अंथरलं. आत्याबाईंनी कुंडी आडवी केली, एक हात खाली धरला, आणि वेल अलगद तळहातावर घेतला. बाळ कसं घेतात, मानेखाली हात देऊन, अगदी तसं. त्या हातांनी किती बाळं धरली असतील कोण जाणे. मुळ्या काळ्या, चिकट झाल्या होत्या. त्यांनी कात्री माझ्याकडं दिली.

"काळ्या काप. पांढरी दिसली की थांब."

मी कापत गेले. शेवटी वीतभर फांदी, चार पानं आणि चार-सहा पांढऱ्या मुळ्या उरल्या.

"ह्याला पाणी पाजून बी मारता येतंय, पोरी. ह्याच्या पानातच पाणी हाय. घर बी लहान लागतं. मोठ्या घरात मुळ्या घाबरतात, पाणी पीत न्हाईत, मग पाणी त्यांना खातंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

आणि पहिल्यांदा त्या माझ्याशी सलग बोलल्या. दवाखान्यात केरळची एक नर्स होती. आत्याबाई नवीन लागल्या तेव्हा तिथल्या बायका त्यांना चहा वेगळ्या कपात द्यायच्या, तो कप बाहेर खिडकीत पालथा असायचा. आमच्या लोकांनी धम्म घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण तो कप तिथंच. ती नर्स आल्यावर तिनं एक दिवस तो कप स्वतःच उचलला, विसळला, त्यात आपला चहा ओतून घेतला आणि स्वतःचा कप आत्याबाईंच्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून खिडकीतला कप गेला.

"तिला मराठी यायची न्हाई, मला तिची भाषा यायची न्हाई. तिच्या खोलीत हा वेल व्हता. गावाकडं बदली झाली तव्हा मला फांदी देऊन गेली. देठ दावून हातानं सांगितलं, हे कापायचं न्हाई. फूल झडलं तरी देठ ठेवायचं. पुढल्या साली त्याच देठाला फूल येतंय."

मी मान खाली घातली.

"तुझा काय दोष न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या सांगायला पायजे व्हतं. मला बोलायची सवय न्हाई. सारी जिंदगी 'जोर लाव' अन् 'झालं बाई' एवढंच बोलले."

मला रडता रडता हसू आलं. त्यांनाही आलं.

दही लावायचं कानफुटकं गाडगं त्यांनी काढलं. खिळ्यानं बुडाला भोक पाडलं. विटेचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, विझलेला कोळसा, मांजरा नदीची थोडी वाळू आणि लिंबाखालचा पालापाचोळा हे सगळं मला कालवायला लावलं.

"आता तूच लाव. तुझ्या हाताला कळू दे."

मी लावला. दाबायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "सैल राहू दे. श्वास घेतंय ते." मग चार दिवस पाण्याचा थेंब घालायचा नाही, असं बजावलं. ते चार दिवस काढणं मला टँकरच्या रांगेपेक्षा जड गेलं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, नळ पुन्हा आठवड्यावर आला, पण वेल होता तसाच. चार पानं. ना वाढला ना मेला. त्याच्या पुढच्या वर्षी शेंड्यातून एक बिनपानाची, सुतळीसारखी फांदी निघाली. मी आधी जाऊन विचारलं.

"आत्याबाई, ही नुसतीच वाढतीय. काय करू?"

"काय बी करू नको. तिला धराया काहीतरी दे."

ती जाळीला लागली आणि मागून पानं आली. त्याच वर्षी मला मुलगी झाली. आत्याबाईंनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "झालं बाई."

मुलगी बोलायला लागली तेव्हा कुठं वेलाला फूल आलं. तोवर आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, माणसं आवाजावरून ओळखायच्या. एका संध्याकाळी मी दिवा लावत होते, तर त्या खाटेवर उठून बसल्या.

"वास येऊन राहिला."

दोन दिवसांपूर्वी मी गुलाबी दाण्यांचा एक झुबका पाहिला होता, पण गळून गेला तर, या भीतीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून खिडकीशी नेलं. झुबका पुरा उमलला होता. एकेक फूल चांदणीसारखं, आणि त्या चांदणीत आणखी एक लाल बारीक चांदणी. त्यांनी बोटाच्या टोकानं एकेक फूल चाचपलं. बोटाला मधासारखं काही लागलं, ते त्यांनी जिभेवर ठेवलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मग नातीला उचलून घेतलं आणि तिलाही चाखायला दिलं.

वास गल्लीत गेला तशी शेजारीण विचारत आली. काळी माती देणारी तीच. फुलं बघून थक्क झाली आणि आत्याबाईंना म्हणाली, "एक फांदी द्या की मला."

"सुनेला इचार," आत्याबाई म्हणाल्या. "वेल तिचा हाय."

मी दोन पानांचं एक कांडं कापून दिलं, चीक थांबेपर्यंत धरून ठेवलं आणि तिला बसवून सगळं सांगायला लागले. आत्याबाई खाटेवर पडून ऐकत होत्या. माझं कुठं चुकलं असतं तर त्यांनी टोकलं असतं.