आबांच्या गाडीचा सायलेन्सर

आमच्या नागावात खाऱ्या हवेपुढे लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज घ्या, नाहीतर विहिरीचा रहाट, सगळ्याला गंज. माझ्या वडिलांनी, आबांनी मात्र त्यांच्या मोटारसायकलचा सायलेन्सर वीस वर्षं टिकवला. दर रविवारी गाडी थंड असताना त्याच्यावर खोबरेलाचं फडकं फिरवायचे. आई म्हणायची, माझ्या केसांना एवढं तेल मिळत न्हाय.

आबा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती गाडी मी चालवते, रेवसकडच्या शाळेत शिकवायला जाता-येता. बाईमाणसानं हे धूड कशाला, स्कूटर घ्यावी, असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांना उत्तर द्यायला मला वेळ नव्हता. खरं कारण आवाजाचं होतं. संध्याकाळी वाडीच्या वळणावर ती घुमली की आई ओटीवरून उठून चहाचं आधण ठेवायची, आबांच्या वेळी ठेवायची तसंच. तो आवाज रोज घरी पोचवणं हे मी माझं कामच समजत होते. आणि मलाही तो हवा होता. हेल्मेटच्या आत तो घुमला की वाटायचं, मी अजून मागच्या सीटवर आहे आणि पुढे त्यांची पाठ आहे.

तेल लावणं मात्र आबांबरोबरच थांबलं होतं. या वर्षी पावसाळा सरला आणि सायलेन्सरला खालून भोक पडलं. कंपनीचा मिळेना, ते मॉडेलच कधीचं बंद झालेलं. आबांची गाडी पहिल्यापासून बघणारा मिस्त्री म्हणाला, बाहेरचा बसवू. आवाज तोच आला पाहिजे, असं मी त्याला दहादा बजावलं. त्यानं मान डोलावली. मिस्त्री लोक कशालाही मान डोलावतात.

जुने नट डिझेल पाजून, ठोकून कसेबसे निघाले. नवा पाइप बसला, किक मारली, आणि माझं तोंडच उतरलं. नुसता कोरडा, उघडा आवाज. वर वेग कमी केला की फाट्‌फाट् बार. मिस्त्रीनं समजावलं की नवा सायलेन्सर मोकळा आहे, इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मोठा टाकायचा आणि बाजूचा स्क्रू फिरवायचा.

तो स्क्रू आबांनी स्वतः जुळवून लावलेला होता. कुणी हलवला तर कळावं म्हणून त्यावर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवला होता. त्या बाटलीवरून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. आता मिस्त्रीवर खेकसले, ठिपक्याला हात लावायचा नाही.

"बाई, पाइप बदललात तर बाकीचं पन बदलायला लागतं," तो म्हणाला. "जुन्या मापावर इंजिन जळंल."

मी ऐकलं नाही. तशीच फटफटत घरी आले. आई ओटीवर बसलेलीच होती. कोण आलं म्हणून बघत राहिली.

रविवारी मी हट्टानं नव्या सायलेन्सरला खोबरेल फासलं, आबांसारखंच. सोमवारी शाळेला निघाले, तर बाजारात पोचेपर्यंत मागे पांढरा धूर आणि खोबरं करपल्याचा वास. होमस्टेतले पाहुणे फोटो काढायला धावले. मी गाडी बाजूला घेतली आणि चक्क रडले. आता मला आबांचं तेलसुद्धा लावता येत नव्हतं.

संध्याकाळी आईला सांगितलं. तेव्हा तिच्याकडून कळलं की आबा सोमवारी पहाटे उठून ते तेल कोरड्या फडक्यानं पुसून काढायचे. मी झोपलेली असायचे. मी म्हटलं, काही झालं तरी म्हसळ्यापर्यंतची भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालते, पण त्याच मॉडेलचा जुना सायलेन्सर शोधून तोच आवाज परत आणते.



"नको आनू," आई म्हणाली. "तीन वर्षं रोज त्या आवाजाला मी उठली. उठायची त्यांच्यासाठी, आनि यायचीस तू."

 मग तिनंच उठून आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेले. त्यानं जेट बदलला, स्क्रू फिरवला. लाल ठिपका मधोमध तडकला, अर्धा स्क्रूवर, अर्धा बाहेर. बार थांबले, गाडी सुरळीत चालायला लागली. मला मात्र त्या आवाजात कुणाचीही पाठ दिसत नाही. आई आता वळणावरच ओळखते की मीच आलेय, आणि सावकाश उठते.

भोक पडलेला जुना सायलेन्सर मी पडवीत ठेवलाय. रविवारी त्याला खोबरेल लावते. सोमवारी पहाटे उठून पुसते.